हात त्यांचे, पाय आपले

माणसाला शिकवणं म्हणजे त्याच्या आयुष्याची दिशा त्याच्याच हाती देणं. याहून थोर काम जगात नाही. हे वाक्य माझं नाही. ते विश्वविजय मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर पिवळ्या रंगात लिहिलेलं होतं, आणि त्याखाली त्याहून मोठ्या अक्षरांत 'निकाल शंभर टक्के' असं होतं. पाटीखाली उभे राहून स्कूलचे मालक दिगंबर तोडकर ऊर्फ दिगूशेठ मला या थोर कामाची रीत समजावून देत होते.

"सर, गाडी येते न्हवं तुम्हाला?"

"येते."

"मग झालं की. शिकवायला अजून काय लागतंय?"

मी राज्यशास्त्राचा एम.ए., वर सेट पास. दहाएक वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे रोजंदारीवर, शिकवलेलं. शिकवायला काय लागतं यावर मी तीन चर्चासत्रांत निबंध वाचले होते. इतका आटोपशीर निष्कर्ष कुठेही निघाला नव्हता.

दिगूशेठनी गाडीचं डावीकडचं दार उघडलं. मास्तरच्या सीटसमोरही क्लच आणि ब्रेक बसवलेले होते.

"हे बघा. गिऱ्हाईक तिकडनं स्टेअरिंग धरतंय, आपण हिकडनं गाडी चालवायची. हात त्यांचे, पाय आपले. एवढं ध्यानात ठेवा, बाकी काय न्हाई."

"आणि मग ते शिकणार कधी?"

"लायसन्स मिळाल्यावर," दिगूशेठ म्हणाले.

त्या जून महिन्यात कॉलेजने माझे तास निम्मे केले होते. पूर्ण वेळच्या जागेसाठी मी मुलाखती देत होतो, पण मुलाखतीत ज्याला चहा विचारतात त्याची नेमणूक आधीच झालेली असते, हे एव्हाना मला कळलं होतं. मला नेहमी पाणी मिळायचं. घरी येऊन सांगितलं की ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लागतोय, तर बायको म्हणाली, "निदान दुपारचं जेवायला घरी याल." आमच्या घरात यापेक्षा मोठा सत्कार माझा कधी झाला नव्हता.

काम दमवणारं होतं, पण कॉलेजइतकं नाही. कॉलेजात तोंड दमायचं आणि समोरचे झोपायचे. इथे पाय दमायचे, पण समोरचा निदान जागा असायचा. सगळे शिकाऊ चाळिशीच्या पुढचे. पोरंटोरं मित्रांच्या गाडीवर शिकतात, स्कूलमध्ये येतात ते ज्यांना घरात कुणी शिकवायला तयार नसतं ते. एक जोशी गुरुजी होते. ते गाडीत बसताना स्टेअरिंगला नमस्कार करायचे आणि उतरताना मला. मधल्या वेळात गाडी मी चालवायचो. महिन्याच्या शेवटी विश्रामगृहाच्या मैदानावर आरटीओचा कॅम्प लागायचा, तिथेही मी शेजारी बसायचो, आणि निकाल शंभर टक्के लागायचा.

भाद्रपदात एका सकाळी दारातून आवाज आला, "तोडकर!"

दिगूशेठ असे ताडकन उठले की खुर्ची मागे पडली.

"उभा राहिलास, बरं झालं. बस आता."

ते बसले नाहीत. खुर्ची आडवी होती.

कानडे बाई हायस्कूलमध्ये गणित शिकवून निवृत्त झालेल्या. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी गणित शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांना वर्गाबाहेर उभं केलं होतं. दिगूशेठ दुसऱ्या निम्म्यातले.

"मला गाडी शिकायचीय. दसऱ्यानंतरच्या कॅम्पला लायसन्स हवं."

"बाई, तुम्ही? आन् अप्पा?"

"ह्यांना आता दिसत नाही," बाई म्हणाल्या. घरातलं दूध संपलंय हे सांगावं तशा.

अप्पा म्हणजे त्यांचे यजमान. वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक पांढरी मारुती घेतली होती आणि तिच्या स्टेअरिंगला घरातल्या कुणाला हात लावू दिला नव्हता. मग काचबिंदूने डोळे गेले. गाडी पोर्चमध्ये कव्हरखाली उभी. घर कालव्यापलीकडच्या कॉलनीत, तिथे रिक्षावाला जायला तयार नसतो आणि गेला तर थांबायला तयार नसतो.

"श्रीपाद दिवाळीआधी न्यायला येतोय. पुण्याला, अकराव्या मजल्यावर. म्हणाला, अप्पांना एकाएकी काही झालं तर दवाखान्यात कोण नेणार? मी म्हटलं, मी नेईन. तो हसला."

"हसला?"

"फोनवर. म्हटलं, लायसन्स काढून दाखवते. म्हणाला, दाखव, विषय बंद. मुलगा माझा आहे, शब्द फिरवायचा नाही. पण लायसन्स नसलं तर मीही शब्द फिरवणार नाही. घर बंद करून जावं लागेल."

दिगूशेठनी खुर्ची सरळ केली. "पर बाई, पुण्याला वाईट काय हाय?"

"वाईट काहीच नाही. ह्यांना दिसत नाही, पण ह्या घरात ते कुठेही न धडकता फिरतात. न्हाणीघरापासून फाटकापर्यंत. तिथे पुन्हा पहिलीपासून सुरुवात."

बाईंना माझ्याकडे देण्यात आलं. त्या वेळेच्या आधी यायच्या, पदर खोचून बसायच्या, आरसा नीट करायच्या आणि मी सांगेन तसं तंतोतंत करायच्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी बाजारपेठेतून गाडी काढली. पुढच्या आठवड्यात मागे येणाऱ्या ट्रकला बगल देऊन त्यांनी चौकात वळण घेतलं, तेव्हा माझ्या पोटरीत गोळा आला.

"जमतंय की हो मला," त्या म्हणाल्या. आवाजात थोडं आश्चर्य होतं, आणि थोडं लाजणं.

"बाई, तुमचा हात जन्मजात आहे." हे वाक्य दिगूशेठनी पहिल्याच दिवशी पाठ करून घेतलं होतं. मी ते गुरुजींनाही म्हणायचो.

मग एक रविवार आला. त्या रविवारचं मला सोमवारी कळलं.

बाई चालत आल्या. कपाळाला बारीकशी पट्टी होती. ऑफिसात मी, दिगूशेठ आणि आपल्या तासाची वाट बघत बसलेले जोशी गुरुजी.

"ढोबळे सर, एक गणित सुटत नाहीये," बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या. "तुमच्या गाडीत मला गाडी येते. माझ्या गाडीत येत नाही. दोन्ही गाड्यांत मी तीच. बदललं काय?"

दिगूशेठ टेबलावरचं रजिस्टर चाळायला लागले.

"काल ह्यांना म्हटलं, चला, गंमत दाखवते. कव्हर काढलं, ह्यांना शेजारी बसवलं. गाडी सुरू केली, गिअर टाकला आणि गाडी जी निघाली ती फाटकातून पार. फाटक उघडलेलं नव्हतं. हे शांतपणे म्हणतात, 'फाटक उघडलंस का गं?' म्हटलं, उघडलं आता."

"लागलं का कुणाला?" दिगूशेठनी विचारलं.

"फाटकाला लागलं. गाडीचा एक दिवा गेला, ती गॅरेजात आहे. माझ्या प्रश्नाचं उत्तर दे."

"वास्तूचा काही दोष..." गुरुजींनी सुरुवात केली. बाईंनी नुसतं बघितलं. गुरुजी थांबले.

"मला उत्तर रात्रभरात सापडलंय. ब्रेक लावायची वेळ आली तेव्हा माझा पाय जागचा हललाच नाही. कारण ती वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. महिनाभर गाडी कोण चालवत होतं, ढोबळे सर?"

मी दिगूशेठकडे बघितलं. दिगूशेठनी पाटीकडे बघितलं.

"बाई, समद्या स्कूलमध्ये असंच असतंय."

"असेल. सगळ्या वर्गाने चुकीचं उत्तर काढलं म्हणून मी कधी बरोबरची खूण केलीय का?"

"न्हाई बाई."

"मग?"

"फी परत करतो, बाई."

"फी ठेव. मला शिकवा." त्या माझ्याकडे वळल्या. "चला."

गाडीत बसल्यावर त्यांनी किल्ली फिरवली नाही. माझ्या पायांकडे बघत राहिल्या. कोऱ्या पाटीकडे बघत राहावं तसं.

"पाय वर घ्या."

"वर म्हणजे?"

"मांडी घाला. जेवायला बसता तशी. सीटवर."

"बाई, गाडीत मांडी..."

"टेबलखुर्चीवर जेवता का घरी?"

"नाही."

"मग येत असेल मांडी."

मी चपला काढल्या आणि सीटवर मांडी घालून बसलो. बाहेरून जाणाऱ्या एका माणसाने वाकून आत बघितलं. बहुधा त्याला वाटलं असावं की आत पूजा चाललीय.

बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या रस्त्याला आम्ही लागलो, म्हणजे लागायचा प्रयत्न केला. गाडी आचका देऊन बंद पडायची, बाई पुन्हा चालू करायच्या, पुन्हा आचका. प्रत्येक आचक्याला माझे पाय आपोआप खाली यायला बघायचे आणि बाई समोर बघत म्हणायच्या, "मांडी." माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे आता दाबायला काही उरलेलं नाही. फक्त बोलायला उरलंय.

"क्लच हळू सोडा, बाई."

"हळू म्हणजे किती?"

"म्हणजे... हळूहळू."

"हे उत्तर झालं का?"

गणिताच्या बाईंना 'हळू' चालत नाही. मी कॉलेजात कल्याणकारी राज्य म्हणजे काय हे वर्षानुवर्षं सांगत आलो होतो, पण 'किती' असं कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी माझ्याजवळ उत्तर नव्हतं आणि त्याने कुणाचं फाटकही मोडलं नसतं. इथे समोर एक म्हैस उभी होती.

"ब्रेक, बाई! मधला! मधला!"

गाडी म्हशीच्या पुढ्यात थांबली. म्हशीने आमच्याकडे बघितलं आणि रवंथ चालू ठेवलं. बाईंच्या कपाळावरची पट्टी घामाने सुटली होती.

"हा मी लावला?" बाईंनी विचारलं.

"तुम्हीच."

"नक्की?"

मी दोन्ही हातांनी आपले तळवे धरून दाखवले. बाईंनी मान हलवली. म्हशीचा मालक काठी घेऊन आला, आणि मला मांडी घातलेलं बघून काठी खाली करून नमस्कार करून गेला.

म्हैस बाजूला होईपर्यंत मी विचार करत बसलो होतो. माझ्या आयुष्यात मी शिकवायच्या गोष्टीचा असा विचार पूर्वी केलेला आठवत नाही.

"बाई, श्रीपाद लहान असताना त्याला मांडीवर झोपवायच्या ना?"

"मग काय शेजारीण यायची झोपवायला? काय विचारता?"

"झोपल्यावर त्याच्या डोक्याखालचा हात कसा काढायच्या?"

बाईंनी हात स्टेअरिंगवर नीट ठेवले. त्यांनी गाडी चालू केली. डाव्या पायाकडे बघितलं नाही, समोर बघितलं. गाडी सरकली. आचका न देता, आवाज न करता, आपण सरकतोय हे गाडीलाच कळलं नसावं अशी.

बरंच पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, "हे महिनाभर आधी का नाही सांगितलंत?"

"आधी गरज पडली नव्हती."

त्यानंतर आम्ही रोज जायला लागलो. दिगूशेठनी माझे बाकीचे तास कमी केले आणि तोंड वाकडं केलं. मी रोज संध्याकाळी घसा बसलेला, कंबर अवघडलेली असा घरी यायचो. बायको म्हणायची, "पाय दुखत नाहीत आता?" मी म्हणायचो, "पायांना काम नाही." सपाट रस्ता बाईंना जमला. वळणं जमली. मागे घेणं तर इतकं जमलं की त्या पुढे जाण्यापेक्षा मागे येणं पसंत करायला लागल्या. कोन काढून, अंश मोजून. चढ मात्र जमेना. चढावर गाडी थांबवून पुन्हा निघायचं म्हटलं की श्रीपाद जागा व्हायचा आणि गाडी मागे यायला लागायची. आणि विश्रामगृहाच्या मैदानाच्या फाटकाशी चढ होता. आरटीओचे साहेब तिथेच हात वर करून थांबवायचे.

कॅम्पच्या आदल्या दिवशी दिगूशेठनी मला चहाच्या टपरीवर गाठलं.

"सर, चढ?"

"दहादा केला तर चार वेळा जमतोय."

"म्हंजे नापास."

"तसंच काही नाही."

"सर, पुढला कॅम्प महिन्यानं. श्रीपाद परवा येतोय. परवा." त्यांनी बशीत चहा ओतला आणि प्यायला नाही. "चढापुरते पाय खाली घ्या. त्यांना काय कळणार न्हाई. त्या समोर बघत असत्यात."

"त्यांना कळतं."

"कळू दे मग! लायसन्स मिळाल्यावर चिडतील, मला उभं करतील, करू दे. पर गावात राहतील न्हवं?"

"तुम्हाला त्यांनी अख्खी आठवी बाहेर उभं केलं होतं म्हणता."

"म्हणून तर," दिगूशेठ म्हणाले. "आता दुसरं कोण उभं करणार आपल्याला?"

मी चहा संपवला. दिगूशेठचं म्हणणं मला पटलं. विचार करायला रात्र होती, पण तिची गरज पडली नाही. चढावर पाय खाली घ्यायचे, असं मी टपरीवरच ठरवलं.

कॅम्पच्या सकाळी मैदानावर कडुनिंबाखाली टेबल टाकून साहेब बसले होते. मोटारसायकलवाले ओळीने उभे. अप्पांना दिगूशेठनी स्वतःच्या स्कूटरवरून आणलं होतं आणि झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं. ते हनुवटी वर करून, कुठे काय आवाज येतोय ते ऐकत होते. बाईंच्या अंगावर शाळेत नेसायच्या ती कडक इस्त्रीची साडी होती. नंबर यायला वेळ होता, तरी त्या गाडीत जाऊन बसल्या.

"मांडी," त्या म्हणाल्या.

"बाई, अजून नंबर..."

"सराव नको का?"

मी मांडी घातली. नंबर यायला तासाच्या वर लागला. एकदा मी एक पाय जरा मोकळा करायला बघितला, तर बाईंनी तिरक्या नजरेने बघितलं.

शेवटी साहेब उठून फाटकाशी आले. वाकून त्यांनी गाडीत बघितलं. त्यांच्या नोकरीत त्यांनी पुष्कळ काही बघितलं असणार.

"मास्तर, हे काय?"

"सवय आहे, साहेब."

"पाय दुखतात यांचे," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकमेव खोटं.

साहेबांनी खांदे उडवले आणि बाजूला झाले. बाईंनी गाडी काढली. मैदानाला फेरी झाली. फाटकातून खाली उतरून रस्त्यावर वळण झालं. आता परत वर. चढाच्या मध्यावर साहेबांनी हात वर केला. बाईंनी ब्रेक लावला, गाडी थांबली. साहेबांनी पुढे येण्याची खूण केली.

आचका. गाडी बंद. बाईंनी पुन्हा चालू केली. गाडी वर जायच्याऐवजी वीतभर मागे सरकली. मागच्या मोटारसायकलवाल्यांनी आपापल्या गाड्या ओढत बाजू घेतली. बाईंनी ब्रेक लावला. आचका, बंद.

"अजून एकदा," साहेब वरून म्हणाले. "मग बास, ताई. खाली लाइन आहे."

ताई म्हटल्याचं बाईंच्या लक्षातही आलं नाही. त्यांचे हात स्टेअरिंगवर पांढरे पडले होते. झाडाखाली अप्पा खुर्चीतून अर्धे उठले होते आणि दिगूशेठ माझ्याकडे बघत होते. आपल्या एका पायाने ते जमीन दाबत होते, माझ्यासाठी.

वेळ झाली होती. मी पाय खाली घ्यायला गेलो.

पाय आले नाहीत. तासभर दुमडून ते कधीच बधिर झाले होते. मी उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून बघितला. तो दुसऱ्या कुणाचा तरी होता. डावा त्याच्याखाली अडकलेला. गाडी चालू झाली होती. बाईंचा श्वास ऐकू येत होता. माझ्याकडे काहीही शिल्लक नव्हतं.

"बाई," मी म्हटलं, "श्रीपाद झोपलाय."

बाई थांबल्या.

"गाढ झोपलाय. घाई नाही. डोक्याखालून हात काढा. जरासा. थांबा तिथेच. गाडी पुढे ओढ घेतेय, कळतंय?"

"कळतंय."

"आता ब्रेकवरचा पाय उचला, ॲक्सिलरेटर द्या. उरलेला हात काढून घ्या."

गाडी क्षणभर तिथेच उभी राहिली. ना पुढे, ना मागे. मग वर निघाली. साहेबांना मागे हटावं लागलं. मैदानावर आल्यावर चुन्याच्या रेषांच्या मधोमध बाईंनी गाडी मागे घेतली, ती तर दोन्ही बाजूंना सारखं अंतर ठेवून. साहेबांनी कागदावर सही केली आणि पुढचं नाव पुकारलं.

बाई उतरल्या आणि सरळ अप्पांकडे गेल्या.

"दोनदा बंद पडली," अप्पा म्हणाले.

"तिसऱ्यांदा नाही पडली."

"ऐकलं मी," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी हात पुढे केला. पैसे किंवा कागद मागावा तसा. बाईंनी त्यावर मारुतीची किल्ली ठेवली. अप्पांनी ती चाचपली आणि त्यांना परत दिली.

मीही उतरायला गेलो. दार उघडलं, पाय बाहेर टाकले आणि बाईंच्या दिशेने सपशेल तोंडावर पडलो. पायात मुंग्यांचं वारूळ फुटलं होतं, त्यामुळे लवकर उठताही येईना. उताणा वळून बघतो तर दिगूशेठच्या डोळ्यांत पाणी, आणि जोशी गुरुजी हात जोडून उभे.

"शिष्याला लोटांगण घालणारा गुरू," गुरुजी म्हणाले, "आज पहिल्यांदा बघितला."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली: सरांनी पाय वर घेतले, चढावर गाडी मागे आली तरी खाली घेतले नाहीत, एवढा विश्वास. मला बरेच दिवस लोक हे येऊन सांगत होते. मी ऐकून घ्यायचो.

श्रीपाद ठरल्याप्रमाणे आला. त्याला आणायला बाई एसटी स्टँडवर गेल्या, एक दिवा नवा आणि एक जुना अशा मारुतीतून. तो बॅग घेऊन मागच्या सीटवर बसला. पुढे अप्पा होते. घरी पोचल्यावर त्याने नव्या फाटकाकडे बघितलं आणि "बरं" म्हणाला. विषय बंद झाला.

पुढच्या महिन्यात आमच्या स्कूलसमोर लोक यायला लागले. नवे शिकाऊ नव्हते, लायसन्स असलेले. दिगूशेठनीच पूर्वी पास केलेले, इतर स्कूलांनी पास केलेले, मेव्हण्याने ओळखीने काढून दिलेले. निवृत्त तलाठी, कापड दुकानवाल्या शहाकाकू, एक दातांचे डॉक्टर. पाकिटात लायसन्स आणि दारात गाडी असून जे रिक्षाने फिरत होते ते सगळे. ते हळूच विचारायचे, "मांडीवाले सर इथंच असतात का?" गुरुजी सगळ्यांत आधी आले. त्यांना लायसन्स मिळून चार वर्षं झाली होती असं समजलं. ते दर वेळी कोर्स संपवून पुन्हा नाव घालत होते, गाडी येत नाही म्हणून.

नव्या शिकाऊंसाठीही मांडी घातल्यावर निकाल घसरला. कधी निम्मे पास व्हायचे, कधी त्याहून कमी. दिगूशेठनी एका सकाळी शिडी लावून पाटीवरची खालची ओळ स्वतःच्या हाताने पुसली, आणि मग बराच वेळ शिडीवरच उभे राहिले. मी रोज तोंडाने गाडी चालवायचो. शहाकाकूंना फोडणीची भाषा लागायची, डॉक्टरांना दातांची. त्या हिवाळ्यात कॉलेजने पूर्ण वेळच्या जागेसाठी मुलाखतीला बोलावलं. या खेपेला मला चहा विचारला. मी पाणी मागितलं.

बाई आणि अप्पा त्या घरात बरीच वर्षं राहिले. अप्पांना बाईंनी त्याच गाडीतून दोनदा तातडीने दवाखान्यात नेलं. एकदा वेळेवर, एकदा उशिरा. उशीर झाला तो रेल्वे फाटकामुळे, गाडी चालवण्यामुळे नव्हे, असं त्यांनी मला मुद्दाम सांगितलं. नंतर त्या पुण्याला गेल्या. अकराव्या मजल्यावर आता न धडकता फिरता येतं, असं मध्ये फोनवर म्हणाल्या.

मी अजून शिकवतो. गेल्या वर्षी गुडघे दाखवायला गेलो होतो. झीज झालीय म्हणाले, मांडी घालणं कायमचं बंद. तेव्हापासून माझे पाय खाली असतात. निकाल पुन्हा शंभर टक्के लागतो.